चौथा नंबर रिकामा

शुक्रवार, दुपारचे सव्वातीन
(ऑफिसातून, तुमच्याच जुन्या टेबलावर बसून)

सौ. जाऊबाई यांना धाकटीचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून "काही नाही, जरा घसा" म्हणत सगळ्या मजल्याला उठवतात? आमच्याकडे हे ठीक, मुलगी ठीक, मीही तशी ठीक. जेवतेखाते, पण हल्ली बोलता बोलता मधेच गप्प होते. त्याची घरात सगळ्यांना आधी काळजी वाटली आणि चार दिवसांनी बरं वाटायला लागलं.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. दोन रस्ते पलीकडे राहणारी जाऊ पत्र कशाला लिहिते, काही बिनसलंय की काय, असं भाऊजी म्हणतील. (त्यांना वाचून दाखवू नका. निदान पहिल्यांदा तरी एकट्याने वाचा.) समोर आले की मीच बोलत सुटते, हे तुम्ही लग्नापासून पाहताय. माफी मागायला आले, तरी दहाव्या मिनिटाला मला माफ कसं करावं हे मीच तुम्हाला शिकवायला लागेन. कागदावर निदान तुम्ही मला मधेच टाकून चहा करायला उठू शकता. फोन करावा तर तुमचा फोन सकाळी नऊपासून एकपर्यंत कायम व्यस्त लागतो. तो का लागतो हे मला आता कळलंय. त्यासाठीच हे पत्र आहे, पण त्या मुद्द्यावर मी वळसा घालून येणार आहे, कारण सरळ यायची हिंमत नाही.

आठवतंय ना, आठ वर्षांपूर्वी तुमच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर आपली कंपनी सुरू झाली. (पाहा, "आपली" लिहिलं. इतकी वर्षं मी सगळीकडे "माझी" म्हणत होते.) दवाखान्यात लोकांनी तासन्‌तास ताटकळू नये, नंबर आणि वेळ मोबाइलवर यावी, एवढीच कल्पना. कल्पना माझी, टेबल तुमचं. पहिले पाच दवाखाने मिळाले आणि त्यांचे फोन यायला लागले, तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, जाऊबाई, दोनच दिवस फोन घ्याल का, माणूस मिळेपर्यंत. ते दोन दिवस सहा वर्षं चालले. माणूस मी शोधलाच नाही, कारण तो मिळालेला होता हे मला कळलं होतं. फक्त हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुमची ती लांबट वही मला अजून दिसते. कोणत्या दवाखान्यातून कोण काय म्हणालं, ते तुम्ही त्यांच्याच शब्दांत उतरवायचात. "डोळ्यांच्या दवाखान्यातली बाई म्हणते, बटण कुठे लपलंय ते सांगा." "हाडांचे डॉक्टर रागावलेत, पण आपल्यावर नाही." असलं काहीबाही. ती वही मी कधी धड वाचली नाही. हस्ताक्षर सुंदर आहे, असं मात्र मी दोनदा म्हणाले होते, आणि तेवढ्यावर आपण माणसांची कदर करतो अशी माझी समजूत होती.

मग आपण मोठ्या जागेत आलो आणि मी मोठी झाले, म्हणजे खुर्ची मोठी झाली. भिंतीवर तो भला मोठा बोर्ड आला. किती फोन, किती मिनिटं, किती तक्रारी, सगळे आकडे हिरवे-लाल. तुमची वही बंद करून मी तुम्हाला सात रकाने दिले. तक्रार सातपैकी कुठल्या रकान्यात बसते तेवढा आकडा दाबायचा. तुम्ही एकदाच विचारलंत, की कुणी नुसतंच रडत असेल तर कोणता आकडा दाबायचा. सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "इतर". तुम्ही हसला नव्हतात. तुम्ही खरंच विचारत होतात.

आता त्या दिवसाबद्दल. गेली दोन वर्षं आपण दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. मोठ्या हॉस्पिटलचे आठ पाहुणे ऑफिस बघायला आले होते. मी त्यांना घेऊन बोर्डासमोर उभी, आणि बोर्डावर एकच आकडा लालभडक: चौदा मिनिटं. एका फोनला चार मिनिटं हा माझा नियम. वळून पाहिलं तर तुम्ही रिसीव्हर कानाला लावून नुसतं "हं, हं" करत होतात. डोळ्यांच्या दवाखान्यातली ती बाई तिच्या सासूच्या आजारपणाचं सांगत होती, हे मला नंतर कळलं. मी आले, "द्या इकडे, मी बोलते" म्हणाले, आणि तुमच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. चाळीस सेकंदांत तिचा प्रश्न सोडवला. पाहुणे खूश झाले. एकाने मान डोलावली, दुसऱ्याने वहीत काही टिपलं. तुमचा हात मात्र रिसीव्हर नसताना थोडा वेळ तसाच कानाशी राहिला होता. ते मी पाहिलं होतं, जाऊबाई. पाहिलं नव्हतं असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले, पण पाहिलं होतं.

तीन आठवड्यांनी तुमचा एका ओळीचा राजीनामा आला, "घरगुती कारणास्तव". मी त्याखाली सही केली आणि निरोपाला सगळ्यांना केक खाऊ घातला. घरगुती म्हणजे कुठल्या घरचं कारण, हा विचार मनात आला नाही. एकाच घरात दोघींनी माप ओलांडलंय, तेव्हा तो यायला हवा होता.

यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐका, कारण माझी बाजू जास्त हास्यास्पद आहे. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात बोर्डावरच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. सहा महिन्यांत पाव झाल्या. मी हवेत. त्याच सुमारास मी नेतृत्व शिकवणारे एक गुरुजी लावले होते, दर बुधवारी तासभर स्क्रीनवर यायचे. ते म्हणाले, तुमच्या दारात लोकांना संकोच वाटता कामा नये. मी केबिनचं दारच काढून टाकलं. परिणाम असा झाला, की मी यांच्याशी फोनवर घातलेला वाद अख्ख्या ऑफिसने ऐकला आणि दुपारी दोघांनी मला एकांतात सांगितलं की चूक माझी होती. पुढच्या बुधवारी गुरुजी म्हणाले, बैठकीत पहिली वीस मिनिटं बोलू नका, ऐका. मी ओठ घट्ट मिटून, डोळे वटारून वीस मिनिटं ऐकलं. लोकांना वाटलं कंपनी बंद होतेय. एकीने त्याच संध्याकाळी दुसरीकडे अर्ज टाकला. (ती गेली. चांगली होती.) पण बोर्डावर तक्रारी घटतच होत्या, आणि गुरुजी म्हणत, पाहा, तुमच्यातली नेता जागी होतेय.

गेल्या वर्षीच्या त्या उद्योजकांच्या संमेलनात माझं भाषण झालं, "संस्थापक ते नेता". मी बोर्डाचा आलेख पडद्यावर दाखवला. आकडा खाली, खाली, खाली. म्हणाले, मी लोकांवर विश्वास ठेवायला शिकले आणि बघा काय झालं. टाळ्या पडल्या, काचेचं काहीतरी जड हातात मिळालं. तुम्ही आणि भाऊजी तिसऱ्या रांगेत होतात. माझं भाषण चालू असताना तुमच्या पिशवीत दोनदा फोन वाजला आणि दोन्ही वेळा तुम्ही वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर गेलात. मला ते फार झोंबलं. घरी जाताना गाडीत मी यांना म्हणाले, जाऊबाईंना सभेचं भान म्हणून नाही. हे वाक्य तुम्हाला आजवर कळलं नसेल, कारण आमचे हे पोटात ठेवतात. मीच सांगून टाकते, म्हणजे राहायला नको.

आता दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार. (आले बघा मुद्द्यावर.) सकाळी आठला मी एकटीच ऑफिसात, हातात चहा, समोर बोर्ड. बोर्डावर मी नवीनच एक रकाना करून घेतला होता, "रिकामे नंबर". पाहते तर काय, कितीतरी दवाखान्यांत रोज नंबर रिकामे जातायत. मुलांच्या दवाखान्यात तर दर चौथा नंबर रिकामा, रोज, न चुकता. माझ्या अंगाची आग झाली. बाहेर लोक आठ-आठ दिवस थांबतात आणि इथे नंबर ओस पडलेत. खरं तर विश्वास ठेवायला शिकलेल्या बाईने साडेनऊपर्यंत थांबून कुणालातरी विचारायला हवं होतं. पण मी आठ वर्षांपूर्वी हा सगळा प्रोग्राम स्वतःच्या हाताने लिहिलाय, हात शिवशिवत होता. वीस मिनिटांत काम फत्ते केलं: जिथे नंबर रिकामा, तिथे पुढच्या माणसाला आपोआप बोलवायचं. मधे कुणाची तरी एक लांबलचक टीप आडवी आली. पाल्हाळ दिसतंय म्हणून न वाचता पुसून टाकली. चहा संपायच्या आत सगळ्या दवाखान्यांतल्या लोकांना मोबाइलवर निरोप गेले, लवकर या. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आणखी एक चहा घेतला.

दहाला आकाश कोसळलं. डोळ्यांच्या दवाखान्यात तो रिकामा नंबर डोळ्यांत औषध घातलेल्या माणसांसाठी होता. बाहुली मोठी होईपर्यंत ती बाकावर बसतात आणि मग आत जातात. आता औषध घातलेले आणि न घातलेले एकमेकांच्या मांडीवर. दातांच्या दवाखान्यात तो नंबर इंजेक्शनने गाल बधिर व्हायला लागणाऱ्या वेळेचा होता. तिथे अर्ध्या बधिर तोंडाने लोक भांडत होते आणि कुणाचंच कुणाला कळत नव्हतं. आणि मुलांच्या दवाखान्यात दर चौथं मूल आत जाताना रडतं, त्याला बाहेर फिरवून, शांत करून परत आणावं लागतं. रिकामा नंबर त्याचा होता. त्या सकाळी तिथे एक्केचाळीस मुलं एकाच वेळी होती. एक रडलं की सगळी.

मी गाडी काढून आधी मुलांच्या दवाखान्याकडे गेले. वाटेत माफीचं भाषण तयार केलं, गुरुजींनी शिकवलं होतं तसं, आधी चूक मान्य, मग उपाय. पोहोचले सव्वाअकराला. आत शांतता. सगळं मार्गी लागलेलं. काउंटरवरच्या बाईंनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या, मोठ्या मुलांना आयांबरोबर समोरच्या बागेत पाठवलं होतं, तान्ह्यांना आधी घेतलं होतं. मी थक्क झाले. म्हणाले, तुम्ही फार हुशारीने निभावलंत. त्या म्हणाल्या, "छे हो, मी कसली. ताईंना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं."

मी विचारलं, कोण ताई. त्यांनी काउंटरच्या काचेवर चिकटवलेला कागद दाखवला. वर ठळक आकड्यांत तुमचा स्वतःचा नंबर. खाली बारीक अक्षरांत आपल्या कंपनीचा नंबर, आणि पुढे कंसात: (इथे उशीर लागतो). मग त्यांनी मला ओळखीच्या सुरात, मी कोण हे नीट न कळल्यामुळे, सगळं सांगितलं. तुमच्या कंपनीत फोन केला की एक दाबा, दोन दाबा म्हणतात, आम्ही ताईंनाच करतो. त्या सोडून गेल्या तरी घेतात. डोळ्यांचे, दातांचे, हाडांचे, सगळे त्यांनाच करतात. रिकामा नंबर ठेवायचं पण त्यांनीच सुचवलं होतं, पाच वर्षं झाली. मी तिथल्या एका छोट्या खुर्चीवर बसले. मुलांची होती, निळी. उठताना ती माझ्याबरोबर उठली आणि एका लहान मुलीने ती ओढून काढली.

जाऊबाई, म्हणजे बोर्डावरच्या तक्रारी कमी झाल्या नव्हत्या. त्या तुमच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी पडद्यावर दाखवलेला तो खाली जाणारा आलेख म्हणजे तुमच्या दोन वर्षांच्या सकाळी. आणि त्या दोन वर्षांत मी तुमच्याकडे कितीदा जेवायला आले, दर वेळी घास हातात धरून तक्रारी किती घटल्या ते सांगितलं, आणि दर वेळी तुम्ही मला वाढत "छान झालं" म्हणालात. एकदाही टोमणा नाही. टोमणा मारला असतात तर मी एवढी मूर्ख ठरले नसते, पण ते मी तुमच्याकडे मागू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. उभी राहिले आणि जसं होतं तसं सांगितलं: आकडे खोटे, भाषण खोटं, सोमवारचा गोंधळ माझा. (या वेळी गुरुजींना न विचारता. त्यांना मी नंतर नमस्कार करून मोकळं केलं.) सगळे खाली बघत होते. आपला मौनी तुम्हाला आठवतो, कोपऱ्यात बसून प्रोग्राम लिहितो आणि वर्षाला चार वाक्यं बोलतो. तो म्हणाला, "ती पुसलेली टीप माझी होती. ताईंनी मला बसवून एकेक दवाखाना समजावला होता, मी लिहून ठेवलं होतं." मी म्हणाले, अरे मग मला कधी सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुम्हाला सांगायला आलं की तुम्ही ते काम हातातून घेता. मग आम्ही सांगायचं बंद केलं."

बाकीच्यांपैकी कुणी त्याला खोडून काढलं नाही. इतकी माणसं, आणि एकालाही माझ्या बाजूने खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी आठ वर्षं समजत होते की माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. पान हलत होतं, फक्त माझ्यासमोर हलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, ते सुद्धा कंपनीतल्या सगळ्यात अबोल माणसाकडून. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजून वाटतं. रिसीव्हर घेतला तो क्षण परत आणता आला असता तर मी पाहुण्यांना सांगितलं असतं, थांबा, त्या बोलतायत. एवढंच करायचं होतं. तीन शब्द होते.

बोर्ड उतरवलाय. त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. मी रोज सकाळी दोन तास या तुमच्या टेबलावर फोन घेते. पहिल्या दिवशी माझी सरासरी सत्तावीस मिनिटं पडली आणि तिघांनी विचारलं, त्या आधीच्या बाई नाहीत का. मौनीने टीप पुन्हा लिहिलीय, मी पूर्ण वाचली, आणि दोन ठिकाणी कळली नाही म्हणून त्याला विचारलं. त्याने समजावलं. त्याच्या हातातून माउस घ्यावासा तीनदा वाटला, मी हातांवर बसून राहिले. मुंग्या आल्या.

तर हे असं आहे. रागावला असाल तर तसं सांगा. नसाल तर तेही सांगा, पण खरं असेल तरच. भाऊजींना नमस्कार, आणि त्यांना म्हणावं घसा एकदा दाखवून या, नंबर मी लावून देते. (नको. तुम्हीच लावा.)

तुमची,
धाकटी

ता. क. १: हे पत्र नुसतं माफीचं आहे असं वर वाटेल, म्हणून स्पष्ट लिहिते. परत येता का? हुद्दा तुम्ही म्हणाल तो, वेळ तुम्ही म्हणाल ती, वही हवी तेवढी जाड. लगेच हो म्हणू नका, म्हणजे मला वाटेल तुम्ही विचार केलात.

ता. क. २: वरचं वाचून पाहिलं, आणि लबाडी दिसली. दवाखान्यांना मी अजून सांगितलेलं नाही, की जाऊबाईंना घरी फोन करू नका. पत्र लिहायच्या आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण उद्या त्यांनी खरंच थांबवलं तर आमची दोन दिवसांत फजिती होईल. म्हणजे माफी मागतानासुद्धा मी तुमच्याकडून काम करून घेतेय. सोमवारी सगळ्यांना सांगते. फजिती झाली तर होऊ दे.

ता. क. ३: आता जे लिहायला तीन पानं घेतली ते. या मंगळवारी सकाळी दहाला नव्या दातांच्या दवाखान्यातून म्हणून तुम्हाला एक फोन आला होता. ती मी होते. नाकाला रुमाल लावून, अनोळखी नंबरावरून बोलत होते. तुम्ही ओळखलं नाहीत, कारण ओळखलं असतंत तर पुढचं बोलला नसतात. आमच्या डॉक्टरांचा हात हळू आहे का, ते तुम्ही आधी विचारलंत, मग रिकामा नंबर कुठे ठेवायचा ते अकरा मिनिटं समजावलंत, एकदाही घाई केली नाहीत. मला फोन ठेवता येईना, म्हणून मी विचारलं, तुम्ही त्या कंपनीतलं काम का सोडलंत. तुम्ही म्हणालात, "माझी धाकटी जाऊ आहे ना तिथे. फार हुशार आहे. तिच्या कामात माझी अडगळ नको, म्हणून सोडलं." तुमच्या आवाजात राग नव्हता. तुम्हाला ते खरं वाटत होतं.

नोकरीवर यायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. पण तो एक शब्द मागे घ्या, जाऊबाई. मग परत नाही आलात तरी चालेल. (चालणार नाही, पण मी चालवून घेईन.)